जुने अमेरिकन पाने आणि त्यांचे अपुरे संच : वाचकांची प्रश्नोत्तरे

या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये अलीकडे जुन्या अमेरिकन हत्यारांविषयीचे प्रश्न वाढले आहेत. काही पत्रे घरातल्या जुन्या पेटीत सापडलेल्या पान्यांबद्दल आहेत, तर काही अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथल्या जुन्या बाजारांत शनिवार-रविवार घालवणाऱ्या वाचकांची आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या आजोबांचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज होते. त्यांच्या पेटीत ‘प्लॉम्ब’ असा ठसा असलेले सात कॉम्बिनेशन पाने (एका टोकाला उघडे तोंड, दुसऱ्याला रिंग) मिळाले. मी एक जुनी जीप दुरुस्त करत आहे आणि त्यासाठी हाच संच पूर्ण करण्याची इच्छा आहे. या संचात एकूण किती पाने असतात आणि उरलेले शोधण्यास सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : संचात एकूण किती पाने असतात, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि हे संग्रहाला सुरुवात करतानाच समजून घेतलेले बरे. अमेरिकेतला मेकॅनिक पाने बहुधा सुटे घेत असे. हत्यारांची गाडी गॅरेजच्या दारात आली की लागेल तो एखादा पाना तो खरेदी करी, आणि अशी पेटी वर्षानुवर्षे भरत जाई. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये मात्र पाच नगांचा, आठ नगांचा, बारा नगांचा असे वेगवेगळे संच छापलेले असत, आणि त्यांची रचना दर काही वर्षांनी बदलत असे. त्यामुळे ‘पूर्ण संच’ म्हणजे कोणत्या वर्षाच्या कॅटलॉगमधला कोणता संच, हे आपणच ठरवावे लागते. ते न ठरवता खरेदीला लागणाऱ्याकडे वीस पाने जमतात आणि संच एकही होत नाही.

आपल्या पान्यांवरचा नंबर प्रथम वाचावा. प्लॉम्बच्या १२०० मालिकेतील कॉम्बिनेशन पान्यांच्या नंबराचे शेवटचे दोन अंक हे पान्याच्या तोंडाचे माप असते, आणि ते इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजलेले असते. १२१६ म्हणजे १६/३२, अर्थात अर्धा इंच. १२१८ म्हणजे ९/१६. १२२४ म्हणजे पाऊण इंच. हे एकदा ध्यानात आले की कागदावर १२१२ पासून १२३२ पर्यंत दोन-दोनच्या अंतराने आकडे लिहावेत, हातातले सात खोडावेत, आणि जे उरतील ती आपली यादी. स्नॅप-ऑन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या ‘ओ-ई-एक्स’ मालिकेतही बत्तिसाव्या भागांचाच हिशेब चालतो, त्यामुळे एका कंपनीची ही सवय दुसरीकडेही उपयोगी पडते.

यापुढचा भाग अधिक रंजक आहे. प्लॉम्ब टूल कंपनी १९०७ मध्ये लॉस एंजलिसमध्ये सुरू झाली. अल्फॉन्स प्लॉम्ब हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि कंपनीचे नाव त्यांच्या आडनावावरून पडले. तिकडे फिलाडेल्फियात हातोड्या आणि कुऱ्हाडी बनवणारी फेएट प्लम या नावाची जुनी, नामांकित कंपनी होती. इंग्रजीत दोन्ही नावांमध्ये एका अक्षराचाच फरक. त्यात प्लॉम्बच्या बऱ्याच हत्यारांवर इंग्रजी ‘ओ’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असे, म्हणजे तेवढाही फरक धूसर होई. दुसऱ्या महायुद्धानंतर हा वाद कोर्टात गेला आणि प्लॉम्ब कंपनीला आपल्याच नावावर पाणी सोडावे लागले. १९४८ पासून तिची हत्यारे ‘प्रोटो’ या नावाने येऊ लागली. ‘प्रोफेशनल’ आणि ‘टूल्स’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून ते नाव तयार केले होते. याचा अर्थ असा की प्लॉम्ब असा ठसा असलेला आपला प्रत्येक पाना त्या नामांतराच्या आधीचा आहे. काही पान्यांवर दोन्ही नावे एकत्र आढळतात; ते संक्रमणकाळातले होत, आणि संग्राहक त्यांना जरा अधिक मान देतात. ‘प्रोटो लॉस एंजलिस’ असा ठसा असलेले पाने नामांतरानंतरचे आहेत, पण घडण तीच, नंबरही तेच.

म्हणून आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. जीपसाठी संच हवा असेल तर प्लॉम्बच्या रांगेत ‘प्रोटो लॉस एंजलिस’चे पाने बिनदिक्कत बसवावेत; ते त्याच घराण्यातले आहेत, स्वस्त मिळतात आणि भरपूर मिळतात. आपली जीप जुनी विलीज असेल तर तिचे बहुतेक नट-बोल्ट ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ इंच मापांच्या पान्यांनी सुटतात, त्यामुळे आधी ही पाच मापे पूर्ण करावीत. निव्वळ प्लॉम्बचाच संच करायचा असेल तर मात्र ठशाची धाटणी, अक्षरांची जाडी आणि मुलामा हे तिन्ही जुळायला हवे. युद्धकाळात अमेरिकन सरकारने क्रोम आणि निकेलच्या वापरावर निर्बंध घातले होते, त्यामुळे त्या वर्षांतले पाने काळपट किंवा करड्या रंगाचे असतात. प्लॉम्बने अशा काही पान्यांच्या नंबरापुढे ‘डब्ल्यू-एफ’ ही अक्षरे कोरली, म्हणजे ‘वॉर फिनिश’. चकचकीत क्रोमच्या रांगेत असा एखादा पाना दिसायला वेडाविद्रा दिसेल, पण माझ्या मते तोच त्या रांगेतला सर्वांत बोलका नग असतो. त्यावर नंतर क्रोम चढवून घेण्याचा विचारही करू नये.

आपल्या आजोबांकडे हे पाने कसे आले असतील, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी लिहितो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली. या गाड्यांच्या मागोमाग अमेरिकन मापांचे पाने पश्चिम महाराष्ट्रातल्या गॅरेजांत येणे स्वाभाविकच होते.

प्रश्न : क्लीव्हलंडजवळ एका घरगुती विक्रीत मी पान्यांची एक अख्खी बादली विकत घेतली. त्यांत काहींवर १९/३२, २५/३२, ३१/३२ अशी मापे आहेत, जी मी कधी ऐकलेली नाहीत. एका पान्यावर तर ३/८ असे स्पष्ट कोरले आहे, पण त्याचे तोंड जवळजवळ दुप्पट रुंद आहे. ही चुकीची किंवा नाकारलेली हत्यारे आहेत काय? (एक वाचक, ओहायो)

उत्तर : नाहीत, उलट त्या बादलीतला सर्वांत जुना माल कदाचित हाच असेल. आज आपण पान्यावर जे माप वाचतो ते नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर असते. पूर्वीच्या अमेरिकन पान्यांवर मात्र नटाचे नव्हे तर बोल्टच्या दांड्याचे माप कोरण्याची पद्धत होती. ३/८ असे लिहिलेला आपला पाना ३/८ इंच जाडीच्या बोल्टवरच्या नटासाठी आहे, आणि त्या काळच्या प्रमाणानुसार त्या नटाची रुंदी ११/१६ इंच होती. व्हर्नियर (बारीक माप घेण्याची मोजपट्टी) लावून पाहावे, तोंड त्याहून किंचित मोठे भरेल.

हे प्रमाण फिलाडेल्फियाचे यंत्रनिर्माते विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे मांडले. त्यांचे सूत्र सोपे होते : बोल्टच्या जाडीची दीडपट करा, त्यात इंचाचा आठवा भाग मिळवा, की नटाची रुंदी मिळते. अर्ध्या इंचाच्या बोल्टला हे सूत्र लावले तर ७/८ येतात. ५/१६ ला लावले तर १९/३२, ७/१६ ला २५/३२ आणि ९/१६ ला ३१/३२. आपल्याला विचित्र वाटलेली तिन्ही मापे या हिशेबातून सरळ बाहेर पडतात. पुढे मोटारी आल्या, पोलाद सुधारले, नट लहान झाले. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर पाऊण इंचाचा नट बसू लागला आणि ही बत्तिसावी मापे हळूहळू कॅटलॉगमधून गळाली. तरीही कित्येक कंपन्यांनी ती बरीच वर्षे चालू ठेवली, कारण शेतांवर आणि कारखान्यांत जुनी यंत्रे चालूच होती.

संच पूर्ण करणाऱ्यासाठी यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. १/२ किंवा ९/१६ चा पाना आज नाही तर उद्या मिळतो. २५/३२ किंवा ३१/३२ चा चांगला पाना आपल्या हव्या त्या ठशाचा दिसला, तर तो त्याच वेळी घ्यावा, संच अजून अर्धाही झाला नसला तरी. शेवटी अडून बसणारी मापे बहुधा हीच असतात.

प्रश्न : माझे वडील सोलापूरच्या कापड गिरणीत फिटर होते. त्यांच्या पेटीतल्या एका जाड पान्यावर ‘१/२ डब्ल्यू’ असे आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी तो अमेरिकन असल्याचे सांगितले. खरे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तो पाना ब्रिटिश मापाचा आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये बोल्टच्या आट्यांचे (पेचांचे) प्रमाण मांडले, आणि आपल्याकडच्या गिरण्यांतली यंत्रे मोठ्या प्रमाणावर इंग्लंडहून आलेली असल्याने फिटरच्या पेटीत ते पाने असणारच. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, सेलर्सचा ६० अंशांचा. म्हणून एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर नीट बसत नाही आणि जोर लावला तर आटे मारले जाऊ शकतात.

आपल्या घोळाचे कारण सरळ आहे. ‘अर्धा इंच’ असे कोरलेले तीन पाने शेजारी ठेवले, तर नव्या अमेरिकन पद्धतीच्या पान्याचे तोंड १२.७ मिलिमीटर, जुन्या सेलर्स प्रमाणाच्या पान्याचे साधारण २२.२ आणि मूळ व्हिटवर्थ प्रमाणाच्या पान्याचे साधारण २३.४ मिलिमीटर भरेल. शेवटच्या दोहोंत फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, आणि तेवढ्या फरकाने नटाच्या कडा गोल होतात. वडिलांचा पाना अमेरिकन संचात बसवू नये. ब्रिटिश पान्यांचा निराळा डबा करावा.

प्रश्न : क्राफ्ट्समनच्या पान्यांवर नंबराजवळ ‘व्ही’ हे अक्षर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा दिसतात. काहींवर हे चिन्ह नाही. कोणते खरे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : दोन्ही खरे. क्राफ्ट्समन हे सीअर्स या दुकानदार कंपनीचे १९२७ पासूनचे नाममुद्रण होते. सीअर्स स्वतः पाने घडवत नसे, निरनिराळ्या कारखान्यांकडून घडवून घेत असे. कोणता नग कोणाकडून आला हे कळण्यासाठी पान्यावर सांकेतिक अक्षरे कोरली जात. दोन्ही बाजूंना दुहेरी रेघा असलेला ‘व्ही’ हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मूर ड्रॉप फोर्जिंग कंपनीचा माल मानला जातो. हीच कंपनी पुढे ईस्को या नावाने ओळखली गेली. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकरने सीअर्सकडून विकत घेतले.

क्राफ्ट्समनचा संच जमवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या हत्यारांना आजन्म हमी होती : पाना मोडला की दुकानात न्यावा आणि नवा घेऊन यावा. ग्राहकाची सोय उत्तम झाली, पण बदलून मिळणारा पाना त्या दिवशीच्या घडणीचा असे, मोडलेल्या पान्याच्या घडणीचा नव्हे. म्हणूनच एका घरात, एका पेटीत, एकाच मालकाने जपलेला क्राफ्ट्समनचा संचसुद्धा दोन-तीन पिढ्यांचे मिश्रण असू शकतो. असा संच कुणी खोटा बनवला आहे असे समजून घासाघीस करू नये. मिश्र संच तसाच ठेवावा की एका काळाचा करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी असतो तर तसाच ठेवला असता.

क्राफ्ट्समनच्या रॅचेटच्या (एकाच दिशेने नट फिरवणाऱ्या मुठीच्या) पाठीवर सॉकेट (नटावर बसणारी वाटी) सोडवण्याचे जे बटण असते, त्याची कथाही त्याच दुकानात घडली. पीटर रॉबर्ट्स हा सीअर्सच्या दुकानातला तरुण विक्रेता. एका हाताने सॉकेट सुटेल अशी ही युक्ती त्याची होती आणि तिचे पेटंट १९६५ मध्ये मंजूर झाले. सीअर्सने त्याच्याकडून ती जास्तीत जास्त दहा हजार डॉलर देण्याच्या बोलीवर घेतली आणि मग लाखोंनी रॅचेट विकले. रॉबर्ट्सने कंपनीवर फिर्याद केली. ते प्रकरण अनेक वर्षे चालले आणि ज्युरीने निकाल त्याच्या बाजूने दिला. बटण असलेला आपला रॅचेट त्यामुळे फार जुना असूच शकत नाही.

प्रश्न : माझ्याकडे एकाच नंबरचे तीन पाने आहेत, पण ठसे वेगवेगळे : एकावर त्रिकोणात ‘बी’, दुसऱ्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात ‘डब्ल्यू’, तिसऱ्यावर ‘बार्कालो बफलो’. नंबर एकच कसा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्रिकोणातला ‘बी’ म्हणजे हार्टफर्ड, कनेक्टिकटची बिलिंग्ज अँड स्पेन्सर. चार्ल्स बिलिंग्ज आणि क्रिस्टोफर स्पेन्सर यांनी ती १८६९ मध्ये स्थापन केली. अमेरिकन यादवी युद्धात वापरल्या गेलेल्या स्पेन्सर रायफलचे जनक ते हेच क्रिस्टोफर स्पेन्सर. लालबुंद पोलाद साच्यावर ठेवून वरून घण पाडायचा, ही ड्रॉप फोर्जिंगची पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्यांमध्ये ही कंपनी अग्रभागी होती. चौकटमधला ‘डब्ल्यू’ ब्रुकलिन आणि बफलो येथे कारखाने असलेल्या जे. एच. विल्यम्स कंपनीचा. दुतोंडी पान्यांना दिलेले तिचे नंबर इतके रूढ झाले, की इतर कारखान्यांनीही त्या-त्या मापांच्या जोडीला तेच नंबर दिले. गिऱ्हाइकाला नंबर सांगून कोणाचाही पाना मागता येई. यामुळे नंबरावरून माप कळते, कारखाना कळत नाही. तो ठशावरूनच पाहावा. बार्कालो ही बफलोची कंपनी पाने आणि लोखंडी खाटा दोन्ही बनवी, आणि आज ती आठवते ती पाय पसरून बसण्याच्या आरामखुर्चीमुळे.

प्रश्न : पान्यावर वर्ष कोरलेले नसेल तर तो किती जुना हे कसे ओळखावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पेटंटचा नंबर असेल तर निम्मे काम झाले. अमेरिकेतले दहा लाखावे पेटंट ऑगस्ट १९११ मध्ये, वीस लाखावे एप्रिल १९३५ मध्ये आणि तीस लाखावे सप्टेंबर १९६१ मध्ये निघाले. हे तीन आकडे पाठ असले की बाजारात उभ्याउभ्या अंदाज बांधता येतो : नंबर सतराने सुरू होणारा सात अंकी असेल तर पेटंट १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातले किंवा १९३० च्या आसपासचे. पण हे वय कल्पनेचे झाले, त्या विशिष्ट पान्याचे नव्हे. पेटंटची मुदत त्या काळी सतरा वर्षांची होती, आणि तोच साचा तोपर्यंत आणि त्यानंतरही वापरात असे. नंबराऐवजी केवळ पेटंटची तारीख कोरलेली असेल तर हत्यार बहुधा १९२० च्या दशकातले किंवा त्याआधीचे असते.

स्नॅप-ऑनचे काम त्या मानाने सोपे आहे. ही कंपनी १९२० मध्ये मिलवॉकीत निघाली. पाच मुठी आणि दहा सॉकेट घ्या, पन्नास हत्यारांचे काम होईल, अशी तिची पहिली जाहिरात. तिच्या हत्यारांवर वर्षागणिक बदलणारे एक बारीक चिन्ह असते. मात्र अनेक दशकांत अंकांसारखीच दिसणारी चिन्हे फिरून आली आहेत, त्यामुळे चिन्हाचे वळण भिंगाखाली पाहावे आणि कंपनीच्या नावाच्या अक्षरांशी ताडून पाहावे. एका पान्यावरून वर्ष सांगणाऱ्या विक्रेत्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात सगळे काही गंजते. जुने पाने साफ कसे करावेत आणि टिकवावेत कसे? व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आधी पान्यावर कोणता मुलामा आहे ते पाहावे, कारण सरसकट एकच उपाय करण्यात धोका आहे. मुलामा नसलेल्या, काळ्या घडीव पान्याला व्हिनेगर किंवा लिंबाच्या सत्त्वाचे सौम्य पाणी चालते. तासाभराने काढून नायलॉनच्या ब्रशने घासावे, पुन्हा ठेवावे. रात्रभर विसरला तर आम्ल गंजाबरोबर चांगले पोलादही खाते, आणि ठशाची अक्षरे पुसट होतात. संग्राहकाच्या दृष्टीने पान्यावरची सर्वांत किमती जागा तीच. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्याने धुऊन त्याच क्षणी कोरडा करावा आणि तेल लावावे. आपल्याकडच्या हवेत दहा मिनिटांत त्यावर नारिंगी झाक चढू लागते.

गंज खोलवर गेला असेल तर विजेची पद्धत उत्तम. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, त्याचे ऋण टोक पान्याला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या पट्टीला. पट्टी आणि पाना एकमेकांना लागू देऊ नयेत. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही वापरू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे असल्याने हे काम पडवीत किंवा अंगणात करावे, बंद खोलीत नको. क्रोमचा पापुद्रा सुटू लागलेल्या पान्याला ही पद्धत लावल्यास सुटलेला पापुद्रा आणखी उचलला जातो. अशा पान्याला रॉकेलमध्ये भिजवून बारीक स्टील वूलने हळुवार पुसणे पुरे.

युद्धकाळातल्या आणि त्यानंतरच्या काही हत्यारांवर कॅडमियमचा मुलामा असतो. तो करडा-पांढरा, मंद, कधी पिवळसर झाक असलेला दिसतो. कॅडमियम विषारी आहे. असा पाना तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नये, तापवू नये, आम्लात टाकू नये. कापड, तेल आणि संयम यांवर भागवावे, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. शंका असल्यास कॅडमियमच आहे असे धरून चालावे.

टिकवण्याच्या बाबतीत कोकणात खरी अडचण पावसापेक्षा पेटीची असते. हत्यारांची पेटी जमिनीवर ठेवू नये, तळाशी गोणपाट किंवा लेदर अंथरू नये, कारण दोन्ही ओल धरून ठेवतात. पान्यांना इंजिन तेलाचा किंवा मेणयुक्त तेलाचा पातळ हात द्यावा आणि मृगाच्या आधी तो पुन्हा द्यावा.

प्रश्न : बऱ्याच पान्यांवर आधीच्या मालकाची आद्याक्षरे कोरलेली असतात. ती घासून काढावीत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काढू नयेत. अक्षरे घासून काढलेली जागा अक्षरांपेक्षा जास्त डोळ्यांत खुपते, आणि घासताना जवळचा ठसाही झिजतो. किमतीत थोडी सूट मात्र जरूर मागावी.

प्रश्न : माझी मुलगी ओहायोत असते आणि दिवाळीला येणार आहे. तिच्याकडून सात-आठ पाने मागवायचे आहेत. विकत घेताना तिने काय पाहावे आणि आणताना काय काळजी घ्यावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुलगी ओहायोत असणे हे आपले भाग्यच म्हणायचे. क्लीव्हलंडची व्ल्चेक, फ्रीमाँटची हर्ब्रँड, मोगाडोरची कॉर्नवेल, बार्बर्टनची राइट अशी हत्यारांची कितीतरी घराणी त्या एका राज्यातली. तिथल्या गावोगावच्या जुन्या बाजारांत आणि घरे रिकामी करताना होणाऱ्या विक्रीत हे पाने अजून पुष्कळ निघतात, आणि ते इंटरनेटवरच्या भावापेक्षा स्वस्त असतात.

पाना हातात घेतल्यावर तिने तीन गोष्टी पाहाव्यात. उघड्या तोंडाचे दोन्ही जबडे समांतर आहेत का : पाइप घालून जोर दिलेल्या पान्याचे तोंड टोकाकडे फाकते, आणि तो मग कोणत्याच नटावर नीट बसत नाही. रिंगच्या भिंतीत केसाएवढी भेग आहे का : अंगठ्याचे नख कडेवरून फिरवले की लागते. आणि पाना ग्राइंडरवर घासून पातळ केलेला आहे का : अडचणीच्या जागी पोहोचण्यासाठी मेकॅनिक लोक असे सर्रास करत, कामाला तो चांगला, संचाला नाही. बारकाव्यासाठी तिने पान्याच्या दोन्ही बाजूंचा आणि तोंडाचा समोरून फोटो आपल्याला पाठवावा, आणि आपण कागदावरच्या यादीशी ताडून होकार द्यावा. ती यादी तिच्याकडेही असू द्यावी, नाहीतर जे माप घरात आहे तेच तिसऱ्यांदा येते.

आणताना सर्व हत्यारे चेक-इन सामानातच ठेवावीत. सात इंचांहून लांब हत्यार अमेरिकेत विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, आणि लहान हत्यारांवरूनही इकडच्या विमानतळावर वाद होतो. प्रत्येक पाना वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या थरांत ठेवावा. कडेला ठेवलेला पाऊण इंची पाना बॅगेचे कापड फाडून बाहेर येतो. पाऊण इंचापर्यंतच्या मापांचे सात-आठ पाने दोन किलोंच्या आतबाहेर भरतात, त्यामुळे वजनाची चिंता नाही. सव्वा इंचाचे एकदोन घेतले तर मात्र बॅग आधी काट्यावर ठेवून पाहावी, कारण टपालाने स्वतंत्र पाठवल्यास खर्च पान्यांच्या किमतीच्या वर जातो. खरेदीची पावती असल्यास तिने ती बॅगेतच, पान्यांसोबत ठेवावी.